चिंचेच्या वासाचा ट्रान्सफॉर्मर

माझे सासरे अतिशय सभ्य गृहस्थ आहेत, आणि गेली सव्वीस वर्षं हीच माझी अडचण आहे.

इतरांचे सासरे चिडतात, टोमणे मारतात, दिवाळसणाला रुसतात. आमचे तात्या फक्त दोन शब्द बोलतात. "राहू द्या." त्यांच्या घरचा गळका नळ मी दुरुस्त करायला घेतला, तेव्हा, "राहू द्या, जावईबापू." (नळ तोवर माझ्या हातात आला होता.) पंखा बसवायला स्टुलावर चढलो, "राहू द्या." मेहुणीच्या लग्नात पंगतीला आमटी वाढायला गेलो, तरी तेच! जावयाला नाव ठेवायचं नाही असा त्यांचा दंडक. पण त्या 'राहू द्या'पेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या हो.

त्यात तात्यांचं सोयगावात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सगळ्या तालुक्याचे मुके रेडिओ त्यांनी बोलते केले. आणि मी? सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा कारकून, ज्याला हौस मात्र इलेक्ट्रॉनिक्सची! आजवर मी दोन मिक्सर, एक इस्त्री आणि शेजाऱ्यांची बेल दुरुस्त केली आहे. त्यातलं आता काहीच वापरात नाही. शेजारीसुद्धा बदलले.

तर गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं शहरात झालं आणि ते आमच्याकडं राहायला आले. डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा. डॉक्टरांनी काही दिवस टीव्ही बंद, पेपर बंद, वाकणं बंद, धुळीत जाणं बंद सांगितलेलं. माणूस दिवसभर खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकायचा. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पंख्याचं बेअरिंग गेलंय तुमच्या." पाचव्या दिवशी म्हणाले, "शेजारच्यांच्या पण पंख्याचं गेलंय."

मला कसंसंच झालं. त्यांच्या भावगीतांच्या रेकॉर्डी आणि रेकॉर्ड प्लेअर दुकान बंद झाल्यापासून आमच्याच माळ्यावर पडून होते. माझ्याकडं ॲम्प्लिफायरही होता, पण प्लेअरचा आवाज इतका बारीक की तो त्याला पोचेना. मधे एक प्रीॲम्प हवा, म्हणजे बारीक आवाज थोडा मोठा करून पुढं ढकलणारा डबा. बाजारात तयार मिळतो. पण तात्या पडले जुन्या रेडिओतल्या काचेच्या, तांबूस पेटणाऱ्या व्हॉल्व्हचे भक्त. मी ठरवलं, व्हॉल्व्हचाच प्रीॲम्प करायचा आणि तोही स्वतःच्या हातानं!

"तात्या, तुमच्यासाठी बनवतो."

"राहू द्या."

"व्हॉल्व्ह आहेत माझ्याकडं. डबा आहे, सर्किट आहे. फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर तेवढा मिळत नाही."

तात्यांची मान वळली. पंख्याशिवाय दुसऱ्या कशाकडं ती वळल्याचं आठवड्यात पहिल्यांदाच दिसलं. "सगळा खेळ त्याच्यावरच असतोय की," ते म्हणाले. "घरातली वीज घेऊन व्हॉल्व्हला वाटून देणारा तोच. कुणाला सहा व्होल्ट, कुणाला अडीचशे. त्यानं चुकीचं वाढलं की पंगत उठली. जुन्या रेडिओतला काढलेला बघा. जुन्या तांब्याची सर नव्याला नाय."

आणि मग, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या सासऱ्यांनी मला एक काम सांगितलं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सूचना चार होत्या. हातात घेऊन वजन बघा. नाकाला लावून वास बघा, जळका आला तर ठेवून द्या. मीटरनं तारा तपासा. "आणि घरी आणल्यावर थेट बोर्डात घालायचा नाय. आधी सिरीज बल्बवर. समजलं का?"

"समजलं," मी म्हणालो. (तीन सूचना समजल्या होत्या.)

खंडेनवमीच्या सकाळी मी गुलमंडीच्या मागच्या बोळीत एका भंगारवाल्या चाचांकडं पोचलो. त्यांच्या दुकानात जुने पंखे, शिलाई मशिनची पेडलं आणि त्यांच्यामधे चाचा, असे सगळे एकाच रंगाचे. ट्रान्सफॉर्मर दोन निघाले. एक हिरव्यागार चकचकीत रंगाचा, देखणा. दुसरा काळाकुट्ट, तेलकट, कोपऱ्यात झुरळांनी संसार थाटलेला.

मी हिरवा उचलला आणि नाकाला लावला. मग काळा लावला. परत हिरवा. चाचा बघत राहिले.

"साब, ये ट्रान्सफॉर्मर है. खरबूजा नै."

"हमारे ससुरजी बोले, सूँघ के लाव."

"हौ, तो सूँघो. चाटना मत, बोले तो बस."

शेजारच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं कुलूप घ्यायचं सोडून आमच्याकडं आली. हिरव्याला कसलाच जळका वास येईना, नुसता ताज्या रंगाचा येत होता. मनातून मी त्यालाच कौल दिला होता, पण म्हटलं, तात्यांना एक फोन लावावा.

"रंगाचा वास येतोय?" तात्या फोनवर कडाडले. "जुन्या मालाला नवा रंग कुणी कायकू लावंल? जळल्याचा वास झाकाया! खाली ठेवा त्याला. काळ्याला फोनजवळ घ्या आणि किल्लीनं ठोका."

मी भर बोळीत एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं ट्रान्सफॉर्मरवर स्कूटरची किल्ली ठोकू लागलो. टक. टक. टक.

"वरच्या बाजूला."

टक. टक.

"आता कडेला. जरा जोरात."

आता सात माणसं जमली होती. एकानं विचारलं, "कोण आहे फोनवर?" दुसरा म्हणाला, "डॉक्टर असंल." तात्यांनी शेवटी निकाल दिला. "आतले पत्रे घट्ट हायेत, खुळखुळत नाय. मीटर लावून आकडे सांगा." मी आकडे सांगितले. "घ्या," तात्या म्हणाले. 'घ्या'! 'राहू द्या' नाही, 'घ्या'! मी तो काळा ऐवज छातीशी धरून घरी आलो. शर्ट कायमचा गेला, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी आमच्या सौभाग्यवतींची, म्हणजे कुंदाची, पूजेची तयारी चालली होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं आणि यंत्रं पुजायची पद्धत. विळी, कात्री, शिलाई मशिन, माझं सोल्डरिंगचं सामान, सगळं ओळीनं मांडायचं चाललं होतं.

"अहो, हे पण ठेवायचं का?" तिनं दोन बोटांच्या चिमटीत एक मेलेलं झुरळ काढत विचारलं.

"हे तर पहिलं ठेव! आणि जरा स्वच्छ करून ठेव. तात्यांचे डोळे उघडले की हेच पहिलं दिसलं पाहिजे."

हे वाक्य माझंच. मी ते नाकारत नाही. (नंतर नाकारायचा प्रयत्न केला होता, पण साक्षीदार निघाले.)

मी झेंडूची फुलं आणायला क्रांती चौकात गेलो आणि गर्दीत दीड तास अडकलो. परत येऊन बघतो तर काय! पाटावर ट्रान्सफॉर्मर असा लखलखत होता की मी आधी कुणी नवीन आणला की काय म्हणून बघितलं. कडेची तांब्याची तार सोन्यासारखी. वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मी म्हणालो, "वा! काय हात आहे तुझा!" कुंदा लाजली. मला वाटलं, फडक्यानं पुसला असेल.

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. म्हणून दसऱ्याला सकाळी पूजा उचलल्यावर मी कामाला लागलो. ॲल्युमिनियमच्या डब्यावर बाकी सगळं आधीच बसवून तयार होतं. ट्रान्सफॉर्मर स्क्रूनं आवळला, तारा जोडल्या, वायरला दोन पिनांचा प्लग लावला आणि तात्यांना हाताला धरून टेबलापाशी आणलं.

"तात्या, दसऱ्याचा मुहूर्त आहे. बटण तुमच्या हातानं दाबा. डावा हात इथं डब्यावर ठेवा, म्हणजे बटण सापडेल."

तात्यांनी हात पुढं केला. डब्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला.

"सिरीज बल्ब कुठंय?"

"अहो तात्या, नवीनच जोडलंय सगळं. कशाला उगाच..."

"राहू द्या मग. मी दाबत नाय." आणि हात मागं घेतला.

झालं! सिरीज बल्ब म्हणजे काही मोठं यंत्र नाही. वीज थेट न देता एका बल्बातून द्यायची. आत गडबड असली तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. पण त्याला जुना, तारेचा पिवळा बल्ब लागतो, आणि आमच्या घरात सगळे एलईडी! मी चडफडत सगळी इमारत पालथी घातली. शेवटी वरच्या मजल्यावरचे कांबळे सर भेटले. निवृत्त शिक्षक. पांढरे शुभ्र कपडे घालून सहकुटुंब विहारात निघाले होते.

"साठ वॅटचा एक आहे माझ्याकडं," ते म्हणाले. "कधीतरी लागेल म्हणून जपून ठेवला होता. पण कशाला हवाय?"

मी सांगितलं. कांबळे सरांच्या डोळ्यांत चमक आली. घरच्यांना "तुम्ही व्हा पुढं, आलोच," म्हणून ते बल्ब घेऊन माझ्यामागून खाली आले.

बल्ब जोडला. प्लग लावला. मी बटण दाबलं.

"पेटला का बल्ब?" तात्यांनी विचारलं.

"पेटला!" मी आनंदानं ओरडलो. "लई भारी पेटलाय तात्या! एकदम लख्ख!"

"अवो बंद करा! पेटायला नको होता! बंद करा!!"

मी घाबरून प्लगऐवजी टेबलफॅन बंद केला. कांबळे सरांनी प्लग ओढला.

"आता टेस्टर घ्या," तात्या हळू आवाजात म्हणाले. "पुन्हा लावा, आणि टेस्टर डब्याला टेकवा. हात लावू नका कुणी."

मी टेस्टर डब्याला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. डब्यातच वीज उतरली होती. ज्या डब्यावर मी माझ्या सासऱ्यांचा हात ठेवायला निघालो होतो, त्याच डब्यात! मी स्टुलावर बसलो आणि खरं सांगतो, रडूच यायचं बाकी होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, नुकतं ऑपरेशन झालेलं. मला शाबासकी हवी होती, म्हणून मी त्यांना... पुढचं मनातसुद्धा आणवेना. ते डब्याला न शिवता मागं सरकले होते, त्या वीतभर अंतराचे मी आजही आभार मानतो.

"काढा तो ट्रान्सफॉर्मर," तात्या म्हणाले. "अर्थिंगची तिसरी पिन कुठं खाल्ली ते नंतर बघू. आणा इकडं."

मी तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाकाला लावला. लांब श्वास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. परत घेतला.

"जावईबापू," ते म्हणाले, "ह्याला चिंचेचा वास कसा काय येतोय?"

स्वयंपाकघरातून कुंदा पुरणाचा हात पुसत बाहेर आली. "येणारच ना तात्या. कडेची तांब्याची तार केवढी काळी पडली होती. चिंच-मीठ लावून घासली."

"घासली," तात्या म्हणाले. "वरच्या वर?"

"वरच्या वर कशी निघेल घाण? आत झुरळं होती. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला अर्धा तास. मग तीनदा खळबळून काढला. फेसच जाईना मेला."

कांबळे सरांनी तोंडावर रुमाल धरला. बादलीभर चिंच, मीठ आणि साबण पिऊन तो बिचारा ट्रान्सफॉर्मर वरून पुसलेला, हळद-कुंकू लावलेला, आतून चिंब होता.

"माझी पोर!" तात्यांना कंठ फुटला. "चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले! माझ्या पोटच्या पोरीनं ट्रान्सफॉर्मर बादलीत बुडवावा?"

"तुम्ही कधी दुकानाची पायरी चढू दिलीत मला?" कुंदानं ताडकन विचारलं. "पोरीचं काय काम तिथं, म्हणायचात. मला भांडी घासायला शिकवलं. मी घासलं!"

तात्यांनी उगाच काळा चष्मा सारखा केला. मग कुंदा माझ्याकडं वळली. "आणि स्वच्छ कर म्हणून सांगितलं कुणी?" आता काळ्या चष्म्यासकट सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, मला आठवत नाही. कांबळे सर म्हणाले, "जिन्यात ऐकू आलं होतं मला." विहारात जाणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे माझं दुर्दैव.

"टाकून देऊ का?" मी विचारलं.

"टाकून?" तात्या खुर्चीत ताठ झाले. "ह्यो तांब्याचा जीव हाय. वाळवायचा. ह्यो वाळल्याबिगर मी सोयगावला जात नाय!"

मग सुरू झाली ट्रान्सफॉर्मरची शुश्रूषा. सकाळी गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात, सावली सरकेल तसा सरकवायचा. दुपारनंतर पिठाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवून आत कांबळे सरांचा बल्ब लावायचा, त्याच्या उबेनं आतलं पाणी निघायचं. डब्याच्या झाकणाला वाफ जायला भोकं पाडली. (डबा कुंदाच्या माहेरचा. भोकं पाडताना ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.)

त्याच संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन लोक सोनं द्यायला आले. कोपऱ्यात भोकाभोकांतून उजेड येणारा डबा, शेजारी काळा चष्मा लावून राखण करत बसलेले तात्या.

"कोंबडी बसवलीय का हो?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

मला सगळं सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "हो, असंच जरा."

ही माझी दुसरी चूक! दुसऱ्या दिवशी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा झाली की इमारतीत कुक्कुटपालनाला परवानगी कुणी दिली. तिसऱ्या दिवशी एक आजी येऊन गावरान अंड्यांचं डझन सांगून गेल्या. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी पाहणीला आले. मी झाकण उघडून दाखवलं. त्यांनी बराच वेळ आत बघितलं आणि काळजीनं विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?"

तात्या मात्र खुशीत होते. रोज दुपारी मीटर लावायचा, आणि मग नाक. "अजून चिंच हाय." दोन दिवसांनी, "चिंच गेली. साबण हाय." आणि मधल्या वेळात ते खुर्चीत बसून कुंदाला सोल्डरिंग शिकवायचे. "आधी तार तापव, मग कथिल. घाई नको. हां, असं!" तिचा पहिलाच टाका असा गोल, चकचकीत पडला की कांबळे सरांनी टाळी वाजवली. (माझे टाके कसे पडतात हा विषय इथं नको.)

आठव्या दिवशी तात्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "आता नुसता ट्रान्सफॉर्मर हाय." जोडणी कुंदानं केली. तीन पिनांचा प्लग, डब्याला अर्थिंग, सगळं रीतसर. माझ्याकडं बॅटरी धरायचं काम होतं. सिरीज बल्ब जोडला, कांबळे सरांनी श्वास रोखला, कुंदानं बटण दाबलं.

बल्ब क्षणभर तांबूस झाला आणि मंद होऊन राहिला.

"पेटला का?" तात्यांनी विचारलं.

"नाही," मी भीत भीत म्हणालो. "जेमतेम."

"झकास!"

टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. हुश्श! मी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की सगळ्यांनी दचकून डब्याकडं बघितलं. मग बल्ब काढून थेट वीज दिली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. रेकॉर्ड लावली. आधी जरा खरखर, मग तंबोरा, आणि मग तो आवाज, भरदार, ऊबदार, घरभर. तात्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. ऑपरेशनच्या डोळ्यांना हात लावायचा नाही, हे सांगायची कुणाला हिंमत झाली नाही. माझा जीव असा भांड्यात पडला की तिथून उठेचना.

रेकॉर्डची बाजू संपली. तात्या माझ्याकडं वळले.

"जावईबापू, निवड बरी केलीत. माल मूळचा चांगला हाय."

सव्वीस वर्षं! मी हे वाक्य ऐकायला सव्वीस वर्षं थांबलो होतो.

"माझंबी तसंच झालं होतं," तात्या पुढं म्हणाले. "तुमचं स्थळ बघाया आलो तवा वाटलं, माल चांगला हाय. लग्नानंतर चार दिवसांत वाटाया लागलं, फसलो. पर आता कळतंय, फसलो नव्हतो." ते जरा थांबले. "जरासा ओला होता."

"अजून आहे, तात्या," कुंदा रेकॉर्ड उलटत म्हणाली.

मी जिना चढून गच्चीवर गेलो आणि उन्हात उभा राहिलो. ट्रान्सफॉर्मरला आठ दिवस पुरले होते. मला जरा जास्त लागतील, म्हणून टोपी घेऊन गेलो होतो.